देवनागरी फॉन्टची फाइल: उघडायची कशी, दुरुस्त कशी करायची, बदलायची कशी

आमच्याकडे डीटीपी शिकायला येणाऱ्या मुलांचा पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न ठरलेला असतो, "हा फॉन्ट कन्व्हर्ट कसा करायचा?" मी आधी विचारतो, "फॉन्टची फाइल बदलायची आहे, की त्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर?" समोरचा गप्प होतो. ही दोन कामं वेगळी आहेत हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि त्या घोळात दोन-दोन दिवस वाया जातात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

दोन कामं, एकच शब्द

फॉन्टची फाइल म्हणजे जुन्या छापखान्यातली खिळ्यांची केस. मजकूर म्हणजे त्या खिळ्यांनी जुळवलेलं पान. केस एका कपाटातून दुसऱ्या कपाटात ठेवली म्हणून आधी जुळवलेलं पान बदलत नाही. वेबसाइटसाठी .टीटीएफ या नेहमीच्या फॉन्ट फाइलची .वॉफ२ ही वेबसाठीची फाइल करणं हे केस हलवण्याचं काम. कृतिदेव, श्रीलिपी किंवा सुरेख या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरक्रमांकांत, आणणं हे पान नव्याने जुळवण्याचं काम.

जुन्या फॉन्टमध्ये नेमकं काय होतं ते एका शब्दावर दाखवतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप करताना कळा दाबल्या जातात त्या अशा: ई, जे, के, कॅपिटल बी, एच. संगणक फाइलमध्ये हीच पाच इंग्रजी अक्षरं साठवतो. ई अक्षराच्या जागी म चं चित्र बसवलेलं आहे, जे च्या जागी र चं, के च्या जागी काना. त्या काळच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा असायच्या आणि त्या जागा इंग्रजीसाठी ठरलेल्या होत्या. तिथेच आपली अक्षरं कोंबून बसवली गेली. फॉन्ट बदलला की चित्रं जातात आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आता ही कृतिदेवची फाइल तुम्ही कुठल्याही स्वरूपात बदला, .ओटीएफ करा, .वॉफ२ करा, मजकूर इंग्रजीच राहणार. गूगलला तो मराठी म्हणून सापडणार नाही, तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर वाचता येणार नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीचा पट्टा यू+०९०० ते यू+०९७एफ; त्यात क म्हणजे ०९१५, ल म्हणजे ०९३२. फॉन्ट कुठलाही लावा, क हा क च राहतो. विंडोज २०००बरोबर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' आला आणि घरोघरच्या संगणकावर ही सोय पोहोचली.

मजकुराच्या कामाकडे शेवटी येऊ. आधी फाइल.

उघडून बघा, पण डबल-क्लिकवर थांबू नका

विंडोजमध्ये फॉन्टच्या फाइलवर डबल-क्लिक केलं की नमुना दिसतो. मॅकवर फॉन्ट बुक उघडतं. पण विंडोजच्या त्या खिडकीत बऱ्याचदा फक्त इंग्रजी अक्षरं दिसतात आणि नवीन माणसाला वाटतं, यात मराठी नाहीच. तसं नसतं.

फॉन्टड्रॉप किंवा वाकामाई फाँड्यू या मोफत साइट ब्राउझरमध्ये उघडा आणि फाइल ओढून त्यावर टाका. फॉन्टमध्ये किती ग्लिफ आहेत, कुठल्या लिप्या आणि भाषा आहेत, कुठल्या सोयी आहेत, सगळं दिसतं. ग्लिफ म्हणजे अक्षराचं एक चित्र. देवनागरीचा फॉन्ट पहिल्यांदा असा उघडला की थक्क व्हायला होतं. कीबोर्डवर आपण शंभरएक चिन्हं टाइप करतो, आणि आत शेकडो ग्लिफ असतात: अर्धा ल, अर्धा श, क्त, द्ध, ज्ञ, श्र, रफार, अनुस्वार जोडलेला रफार, वेगवेगळ्या रुंदीच्या पहिल्या वेलांट्या.

यातल्या बहुतेकांना युनिकोडचा क्रमांकच नसतो. फाइलमध्ये जीसब नावाचा तक्ता असतो. त्यात नियम लिहिलेले असतात. 'क, हलन्त, त अशा क्रमाने आले तर क्त चं चित्र लाव.' जीपॉस नावाच्या दुसऱ्या तक्त्यात मात्रा, रफार, अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर नेमके कुठे बसावेत ते असतं. देवनागरी फॉन्टचा जीव या दोन तक्त्यांत आहे. चित्रं शाबूत राहिली आणि तक्ते गेले, तर फॉन्ट मेला. फाइल उघडताना, बदलताना, लहान करताना नजर कायम या तक्त्यांवर हवी. या लेखातून एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुढच्या निम्म्या चुका टळतील.

फाइलचं एक्स्टेंशन बदलून काहीही कन्व्हर्ट होत नाही, हेही इथेच सांगतो. .ओटीएफचं नाव .टीटीएफ केलं तरी आतली फाइल तीच. खरी ओळख फाइलच्या पहिल्या चार बाइटांत असते: पोस्टस्क्रिप्ट पद्धतीच्या वक्ररेषा असलेल्या ओपनटाइप फाइलची सुरुवात ओ-टी-टी-ओ या चार अक्षरांनी होते, वेबच्या .वॉफ२ फाइलची डब्ल्यू-ओ-एफ-२ ने. सॉफ्टवेअर या बाइटांवरून फाइल ओळखतं.

दुरुस्तीला बसण्याआधी: खरंच गरज आहे का?

मराठी लोक फॉन्ट उघडायला निघतात त्याचं सगळ्यात मोठं कारण ल आणि श. आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा असतो, आणि फॉन्ट हिंदी वळणाचे देतो. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयातही मराठीसाठी याच वळणांची अक्षरं प्रमाण धरलेली आहेत, त्यामुळे शाळेच्या किंवा सरकारी कामात हा हट्ट बरोबरच आहे.

पण अनेक चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आधीच असतात. नोटो सॅन्स देवनागरी घ्या. मजकूर मराठी आहे असं त्याला कळलं की तो आपोआप मराठी ल आणि श लावतो. ते कळवायचं काम आपलं. लिबर ऑफिसमध्ये मजकूर निवडा, 'फॉरमॅट'मधून 'कॅरॅक्टर'मध्ये जा आणि भाषा 'मराठी' करा. वेबपेजवर पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषेचा संकेत 'एमआर' द्या. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे ओळी जुळवणारी सोय, लावा आणि अक्षरांची भाषा मराठी ठेवा. मी कितीतरी वेळा लोकांना फक्त एवढं करून दिलं आणि त्यांचा फॉन्ट 'दुरुस्त' झाला. इनडिझाइनमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षरं फुटतात, तेव्हाही दोष बहुधा कंपोझरच्या निवडीचा असतो, फॉन्टचा नाही.

ही सोय नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी 'टायरो देवनागरी मराठी'सारखा फॉन्ट घ्या; त्यात मराठी वळणंच मूळ अक्षरं म्हणून बसवलेली आहेत.

परवान्याचंही आधीच बघा. ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स) या मुक्त परवान्याचे फॉन्ट, उदाहरणार्थ 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू', तुम्ही उघडू शकता, बदलू शकता, वाटू शकता. नुसता फॉन्ट विकायचा नाही, आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव द्यायचं नाही. विकत घेतलेल्या किंवा विंडोज-मॅकबरोबर आलेल्या फॉन्टचं तसं नसतं. तिथे परवाना वाचल्याशिवाय हात लावू नका. एक अक्षरमाला उभी करायला माणसांची वर्षं जातात. मराठीत हे काम करणारी माणसं मोजकी आहेत, आणि त्यांचा घाम आपण फुकट घ्यायचा नाही.

हात घालू या: जुन्या फॉन्टमध्ये ॲ बसवणं

शिकण्यासाठी मी मुलांना हेच काम देतो, कारण ते लहान आहे, उपयोगी आहे आणि आपल्याच भाषेचं आहे. ॲप, ॲड., ॲल्युमिनियम यांतला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, क्रमांक ०९७२. त्याआधी बनलेल्या युनिकोड फॉन्टमध्ये तो नसतो; त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो किंवा दुसऱ्याच फॉन्टचं अक्षर येऊन बसतं. लोक मग अ टाइप करून वर वेगळा चंद्र देतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्यामध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

फॉन्टफोर्ज हे फॉन्टमधली अक्षरं बदलण्याचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. दुसरी प्रत फॉन्टफोर्जमध्ये उघडा. 'तुम्हाला परवानगी आहे का' असा प्रश्न त्याने विचारला, तर त्या फॉन्टच्या कर्त्याने बदलाला मनाई नोंदवलेली आहे असं समजा आणि तिथेच थांबा.

उघडल्यावर पहिलं काम: 'फाइल'मधून 'सेव्ह ॲज', आणि .एसएफडी म्हणून जतन. ही कामाची फाइल. यापुढचे सगळे बदल हिच्यात.

दुसरं काम नाव बदलण्याचं. 'एलिमेंट'मधल्या 'फॉन्ट इन्फो'त 'पीएस नेम्स'मध्ये तिन्ही नावं बदला. पहिल्या नावात मोकळी जागा चालत नाही. 'टीटीएफ नेम्स'च्या पानावर जुनं नाव कुठे उरलं आहे का तेही पाहा. नवीन लोक ही पायरी गाळतात. मग दोन फॉन्ट एकाच नावाचे होतात, संगणक जुनाच दाखवत राहतो, आणि 'मी केलेला बदल दिसत का नाही' म्हणून दिवस जातो.

आता 'एन्कोडिंग'मधल्या 'रीएन्कोड'मध्ये जाऊन युनिकोड बीएमपीचा पर्याय निवडा. त्याच मेनूतल्या 'कॉम्पॅक्ट'वरची खूण काढा, नाहीतर रिकाम्या जागा लपलेल्याच राहतील. 'व्ह्यू'मधल्या 'गो टू'मध्ये यू, अधिकचं चिन्ह आणि ०९७२ हा क्रमांक इंग्रजी अंकांत टाका. रिकामी चौकट समोर येईल.

अ च्या चौकटीवर, म्हणजे ०९०५ वर, जा. कंट्रोल-जी दाबा. हे साधं कॉपी नाही; हा दुवा आहे. उद्या अ चं वळण सुधारलं तर ॲ मधला अ आपोआप सुधारेल. परत ०९७२ वर येऊन पेस्ट करा. मग ०९४५ वरच्या चंद्राचा दुवा तसाच घ्या आणि ०९७२ वर कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा, म्हणजे तो अ ला न पुसता त्याच्यावर येऊन बसेल. इथे नुसतं पेस्ट केलंत तर अ उडून जातो आणि एकटा चंद्र उरतो.

चौकटीवर डबल-क्लिक करा. चंद्र भलतीकडे, बहुधा डाव्या काठाबाहेर, लटकलेला दिसेल. घाबरू नका. देवनागरीतल्या वरच्या चिन्हांना स्वतःची रुंदी शून्य असते. ती मागच्या अक्षराच्या डोक्यावर जावीत म्हणून मुद्दाम उगमबिंदूच्या (जिथून अक्षराची रुंदी मोजतात त्या जागेच्या) डावीकडे काढलेली असतात. अ ची रुंदी समजा ८०० एकक असेल, तर चंद्र साधारण तेवढाच उजवीकडे सरकवा. पूर्ण अक्षराची उंची अनेक फॉन्टमध्ये १००० किंवा २०४८ एकक धरलेली असते, त्यावरून अंदाज येतो. चंद्र कुठे थांबवायचा हे मात्र डोळ्यांनी ठरवा: त्याच फॉन्टमधला 'कॅ' शेजारी उघडून ठेवा आणि दंडाशी त्याचं जे नातं आहे तेच ॲ मध्ये आणा. शिरोरेषेला चिकटला तर छोट्या अक्षरांत काळा डाग होतो. शेवटी 'मेट्रिक्स'मधून रुंदी अ एवढीच ठेवा.

'एलिमेंट'मधलं 'व्हॅलिडेट' चालवा, मग 'फाइल'मधून 'जनरेट फॉन्ट्स', प्रकार ट्रूटाइप. झाला फॉन्ट.

आता ल किंवा श बदलायला गेलात तर काम किती मोठं आहे ते समजेल. मूळ ल चं चित्र बदलून भागत नाही. कल्याण मधला अर्धा ल, गल्लीतला ल्ल, क्लेश मधला क्ल, विश्वास मधला अर्धा श, अश्लील मधली दोन्ही, सगळे वेगळे ग्लिफ आहेत. एक जरी राहिला तरी एकाच ओळीत दोन वळणं दिसतात, आणि ते मूळ हिंदी वळणापेक्षा वाईट दिसतं.

फॉन्टफोर्जमधून गेलेली फाइल मूळ फाइलची तंतोतंत नक्कल नसते, हेही ध्यानात ठेवा. बदललेल्या ग्लिफांचं हिंटिंग, म्हणजे पडद्यावर छोटं अक्षर नीट दिसावं म्हणून दिलेल्या सूचना, जातं; तक्त्यांची मांडणी बदलू शकते. मुक्त परवान्याच्या फॉन्टची मूळ कामाची फाइल उपलब्ध असेल तर तयार .टीटीएफ फोडण्यापेक्षा तिच्यातच बदल करा.

तपासणीची ओळ

बनवलेला फॉन्ट बसवा आणि त्यात हे टाइप करा: दऱ्या, दर्या, आचाऱ्याने, आचार्याने, कुऱ्हाड, तऱ्हा, सर्वांगीण, वाङ्मय, हृदय, ब्रह्म, उद्ध्वस्त, राष्ट्र, कल्याण, गल्ली, विश्वास, श्री, ज्ञान, क्षण, शक्ती, ॲप, ऑफिस, रुपया, रूप. मूळ फॉन्टमध्ये हीच ओळ टाइप करून दोन्ही छापा आणि शेजारी ठेवा. पडद्यावर न दिसणारी रफाराची सरक कागदावर लगेच दिसते.

फाइलचं स्वरूप बदलणं

हा भाग लहान आहे. वेबसाइटसाठी .वॉफ२ करा, आतला फॉन्ट तोच, फक्त ब्रॉटली पद्धतीने आवळलेला. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २०१८ मध्ये ते मानक म्हणून स्वीकारलं आणि आजचे सगळे ब्राउझर ते वाचतात. ट्रान्सफॉन्टरसारख्या साइटवर दोन मिनिटांचं काम आहे. फक्त सबसेटचा, म्हणजे निवडक अक्षरंच ठेवण्याचा, पर्याय बंद ठेवा. काही कन्व्हर्टर आपणहून फक्त इंग्रजी अक्षरं ठेवून बाकीची कापतात, आणि देवनागरी पट्टा निवडूनही काही वेळा क्रमांक नसलेली जोडाक्षरं गळून पडतात. फाइल अगदी छोटी झाली म्हणून खूश होण्याआधी वरची तपासणीची ओळ वेबपेजवर लावून बघा.

.ओटीएफची .टीटीएफ करताना वक्ररेषांचं गणित बदलतं, त्रिघाती वक्राची जागा द्विघाती वक्र घेतात आणि आकार किंचित हलतो. एखादं जुनं सॉफ्टवेअर .ओटीएफ घेतच नसेल तरच करा. जुन्या सीडीवर .पीएफबी फाइल सापडल्या, तर त्या टाइप-१ फॉन्टच्या. अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा आधार काढून घेतला. फॉन्टफोर्जमध्ये उघडून त्यांचे .ओटीएफ करता येतात, परवाना असेल तर.

आणि आता मजकूर

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर भरपूर आहेत. ते काय करतात ते कळलं तर कुठे चुकतात तेही कळतं. कृतिदेवमधला 'किती' पाहा: साठवलेला क्रम एफ, डी, आर, एच, म्हणजे आधी वेलांटी, मग क, मग त, मग दुसरी वेलांटी. डोळ्यांना दिसतं तसं. युनिकोडमध्ये वेलांटी डावीकडे दिसली तरी साठवली जाते क च्या नंतर, उच्चाराप्रमाणे. रफाराचं उलट: जुन्या फॉन्टमध्ये 'वर्ष' म्हणजे व, ष, रफार, युनिकोडमध्ये व, र, हलन्त, ष. म्हणजे नुसती अक्षराला अक्षर अदलाबदल पुरत नाही, क्रम फिरवावा लागतो.

म्हणून तीन पथ्यं. एक, प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असतो. मजकूर नेमका कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते फाइल उघडून बघा, अंदाजाने निवडू नका. दोन, मजकुरात मधे खरे इंग्रजी शब्द असतील तर ते आधी बाजूला काढा, नाहीतर कन्व्हर्टर त्यांनाही 'मराठी' करून टाकतो. वर्डच्या 'फाइंड'मध्ये फॉन्टनुसार शोधता येतं, त्याचा उपयोग करा. तीन, रूपांतरानंतर ठरलेल्या चुका शोधा.

त्यातली एक मी विसरणार नाही. एका ग्रंथालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर मी असाच बदलून घेतला होता. एका निवृत्त शिक्षकांनी बालपणावर लेख लिहिला होता, सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांवर. छापून आल्यावर त्यांनी स्वतःची प्रत मला आणून दाखवली. पेन्सिलीने सतरा ठिकाणी बारीक खुणा. सगळीकडे 'दर्याखोर्यांत' छापलं होतं. ते रागावले नाहीत, पण दरीचा समुद्र झाला होता आणि तो माझ्यामुळे झाला होता. मूळ फाइलमध्ये 'ऱ्य' ला वेगळी जागा होती. कन्व्हर्टरने तिचा साधा र आणि हलन्त केला, आणि पुढे य आल्यावर त्याचा रफार झाला. बरोबर रूप ऱ, हलन्त, य असं आहे. हा ऱ वेगळा, क्रमांक ०९३१.

तेव्हापासून रूपांतर झालं की मी 'र्य' आणि 'र्ह' शोधतो आणि प्रत्येक जागी थांबतो. सूर्य, कार्य, धैर्य, गर्हा ठीक. वार्यावर, नवर्याने, कर्हाड दिसलं की दुरुस्ती. मग हलन्तानंतर लगेच काना आलेली जागा शोधतो. जुन्या फॉन्टमध्ये ख म्हणजे अर्धा ख आणि पुढे काना, आणि तो जोड कधीकधी सुटाच राहतो. मग ळ, ॲ आणि अंक. शेवटी जुन्या फाइलची छापील प्रत एकाच्या हातात, नवी फाइल दुसऱ्याच्या पडद्यावर, आणि पहिल्याने मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट. शंभर पानांच्या स्मरणिकेला आम्हाला दीड दिवस लागतो. जुनी फाइल आणि तिचा फॉन्ट, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवून मगच ते काम बंद करतो.